हत्तीच्या वतीने माफी

आई,

तू बरी असशील तर मीही बरी आहे. गुडघा कसा आहे? शेताच्या राखणीला एकटी जाऊ नकोस.

काल झांबेझीकाठच्या एका गावात शिकवायला गेले होते. हत्ती दूर राहावेत म्हणून मिरची-तेलाचा दोर शेताभोवती कसा बांधायचा, ते दाखवत होते. तेवढ्यात वांबाई नावाच्या आजीने विचारलं, "तुझं देवक कोणतं गं?"

"हत्ती."

"मग झालं! भाऊबंदांचीच वकिली! तुझ्या थोरल्या भावाने माझी अख्खी ज्वारी फस्त केली, त्याचं काय?"

सगळे हसले. मी जमिनीवर बसले, रीतीप्रमाणे हळू टाळ्या वाजवल्या आणि भावाच्या वतीने माफी मागितली. मग दोर धरायला आजीच आधी उठली.

परतताना सुचलं ते लिहिते. तुझं देवक माकड. बाबांचं आणि माझं हत्ती. बाबांना हत्तीने मारलं त्याला चार वर्षं होतील. आमच्या कुळातलं कोणी तुझ्यापुढे असं बसलं नाही. मीसुद्धा नाही.

सुगीला येतेय. आधी अंगणात मातीवर बसेन. लगेच 'ऊठ' म्हणू नकोस.

तुझी,
फारिसाई