न शिजलेली तूर

अहो,

कुकरमध्ये वरण आहे, पण तूर तीनदा चढवूनही दाणा न् दाणा वेगळाच. दर्यापूरला खाऱ्या पाण्यात अशीच राहायची. म्हणून तर आपण अकोल्याच्या या नव्या वस्तीत आलो. प्लॉट पाहायला आलो तेव्हा मी मूठभर तूर सोबत आणून चौकीदाराच्या चुलीवर शिजवून पाहिली होती. लोण्यासारखी झाली. हे प्लॉट विकणारे मनोजभाऊजी म्हणाले, "पिऊन पाहा वयनी, नारयाचं पानी हाये!" नारळाचं पाणी म्हणे.

आज सकाळी प्लॉट पाहायला नवं गिऱ्हाईक आलं. त्याच्या आधी बोअरच्या टाकीत एक टँकर रिकामा झाला. शेजारच्या सत्यवतीबाई हसून म्हणाल्या, "तुमच्या टायमालेबी आलता."

एका डाळीवरून मी तुमच्या भावाला खोटं ठरवणार नाही. काल रात्रीच भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्याची बाटली घेऊन माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जात आहे. संध्याकाळपर्यंत येईन. तोवर दर्यापूरच्या घराच्या खरेदीखतावर सही करू नका. तिथलं आपलं दुकान चालत नव्हतं, मान्य. पण परत जायला तेवढं एकच दार उरलं आहे.

आणखी एक. इथे आल्यापासून तुम्ही घरी पाणी पीत नाही. 'बाहेरून पिऊन आलो' म्हणता. मी अजून काही विचारलेलं नाही.

ओट्यावर पेल्यात आपल्या नळाचं तेच कालचं पाणी झाकून ठेवलं आहे. मी आल्यावर माझ्यासमोर प्या. बोअर कशी आहे ते प्रयोगशाळा सांगेल; तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का, ते मला पहिल्या घोटाला कळेल.

रागिणी