डोरीनच्या फेऱ्या

१२ सप्टेंबर

गाडीची किल्ली लपवली! माझ्याच घरात, माझ्याच मुलीने! चहाच्या डब्यात हात घातला, कोटांचे खिसे पाहिले, ब्रेडच्या डब्यातही डोकावलो. नाही.

लिनेट शांतपणे म्हणाली, "डॅड, खुबा नीट जुळेपर्यंत गाडी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

आमच्या लडलो नावाच्या गावातल्या अर्ध्या लोकांना मी गाडी शिकवली. चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांचे ब्रेक दाबले. आणि आता माझा ब्रेक हिच्या पायाखाली! जिना चढायचा नाही, दार लावून आंघोळ करायची नाही, पबमध्ये एकट्याने जायचं नाही. मी आणि माझा वॉकर — स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर.

जेवायला सूप. पुन्हा लीकचं, त्या जाड कांदापातीचं.

१३ सप्टेंबर

आजचा दिवस बरा गेला म्हणायचा. उजेड मावळताना डोरीन आली. मग हंफ्री. लिनेट आंघोळीला गेली तेवढ्यात मर्व्हिनही येऊन खाऊन गेला. एका संध्याकाळी तीन हेजहॉग, काटेरी पाठीचे इवले पाहुणे! डोरीन, हंफ्री आणि मर्व्हिन हे माझे सगळ्यात वाईट विद्यार्थी. गाडी वळवायची म्हटली की तिघेही असेच अंगाचा गोळा करून बसायचे. म्हणून नावं तीच ठेवली.

मार्चपासून मी त्यांना खायला घालतोय. फेब्रुवारीतल्या वादळात जुनं कुंपण आडवं झालं. ते हाताने धरायला मी धावलो आणि कुंपणाखाली मीच आडवा झालो. खुबा मोडला. लिनेट तिकडे स्कॉटलंडमधल्या ओबनहून आली ती "दोन आठवड्यांसाठी" आली होती. मी हॉस्पिटलमधूनच फर्मान सोडलं — नवं कुंपण घाला, खाली काँक्रीटच्या फळ्या, माझ्या हयातीत पुन्हा पडता कामा नये. नाहीच पडणार. बॉम्ब टाकला तरी.

१६ सप्टेंबर

टेबलावर "द लार्चेस" वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक. चहाच्या कपाखाली, मला दिसेल असं. वर म्हातारे हसताहेत. एवढं हसण्यासारखं तिथे काय असतं?

"नुसतं बघून ठेव, डॅड."

मी बघितलं. मग कप त्यावरच ठेवला, चांगला ओला. म्हटलं, "मी गेलो तर डोरीनला खायला कोण घालणार? जगातल्या सगळ्या बागा सोडून रोज इथे येते ती. का येते? इथे सुख आहे म्हणून."

लिनेटने कप उचलून पत्रक फडक्याने पुसलं. हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही. चौघांच्या खांद्यावरूनच नेतील मला. इथे लिहून ठेवतो.

१७ सप्टेंबर

सूप. टोमॅटोचं. क्रांती!

२१ सप्टेंबर

शेजारच्या मिसेस ड्यूहर्स्ट आल्या. दातांच्या डॉक्टर होत्या, त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलायची सवय. हल्ली त्यांच्या शेडमध्ये आजारी हेजहॉग ठेवतात, स्वयंपाकाच्या काट्यावर त्यांची वजनं करतात. त्या काट्यावर पुढे केकचं पीठ मोजतात की काय, देव जाणे.

माझी बशी पाहिली आणि किंचाळल्याच.

"आयव्हर! दूध-पाव?"

"माझी आई हेच घालायची."

"मग तुझ्या आईने हेजहॉग मारले. दूध पचत नाही त्यांना, हगवण लागते. मांजराचा सुका खाऊ घाल आणि साधं पाणी ठेव. बास."

सत्तर वर्षांपूर्वीची आई एका वाक्यात खुनी ठरली. पण मांजराचा खाऊ लिनेटला आणायला सांगितला. डोरीनसाठी एवढं करीन.

त्यांना म्हटलं, माझ्याकडे तीन येतात. त्यांना पटलं नाही. "तीन एका बागेत? बघू या." उद्या येऊन पाठीच्या काट्यांवर खूण करणार आहेत. नखांना लावतात तो रंग. माझ्या पाहुण्यांना नेलपॉलिश!

२२ सप्टेंबर

डोरीनला लाल रंग लावला. तिने हरकत घेतली नाही. माझी विद्यार्थिनी डोरीनही परीक्षेच्या दिवशी अशीच शांत होती, चौकातल्या पुतळ्यावर गाडी धडकवेपर्यंत.

२५ सप्टेंबर

हंफ्री आला. पाठीवर लाल खूण.

मर्व्हिन आला. पाठीवर लाल खूण.

लिनेटला म्हटलं, एकमेकांना घासून रंग लागला असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर मला आवडत नाही.

२७ सप्टेंबर

मिसेस ड्यूहर्स्ट टॉर्च घेऊन सबंध बाग फिरल्या. कुंपणाच्या कडेने, कोपऱ्यात, शेडमागे, पुन्हा कुंपणाच्या कडेने. मी वॉकर धरून दारात उभा. परत आल्या त्या काही न बोलता! तेव्हाच मला धडकी भरली.

"एकच आहे, आयव्हर. तीच पुन्हा पुन्हा येते."

"बरं मग. आवडतं तिला."

"येत नाही ती, इथेच अडकलीय. हे कुंपण घातलं तेव्हा ती तुझ्या शेडखाली हिवाळ्याची झोप घेत होती. जाग आली तेव्हा तिन्ही बाजूंना काँक्रीट. एक फाटक उरलं होतं. त्याच्या खाली फळी कोणी ठोकली?"

मी ठोकून घेतली. समोरच्यांचा लठ्ठ बोका, मेजर, फाटकाखालून येऊन बशी फस्त करायचा म्हणून. डोरीनला पोटभर मिळावं म्हणून.

त्यांनी टॉर्च खाली धरला. कुंपणाच्या कडेने गवत पार झिजलंय, पट्टा पडलाय. मी हा पट्टा उन्हाळाभर पाहतोय. मला वाटायचं, लिनेट फोनवर बोलत फिरते, तिच्या पायांनी झाला.

"रोज चालतेय ती," मिसेस ड्यूहर्स्ट म्हणाल्या. "फट शोधत. तुझं खाते आणि फेऱ्या मारून जिरवते. यंदा पिल्लंही नाहीत, नर येणार कुठून? हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढली नाही तर झोपेतच जाईल."

आज जास्त लिहवत नाही.

२८ सप्टेंबर

भोक पाडायचं. काँक्रीट कापत बसायला वेळ नाही, खालून खणायचं, थेट मिसेस ड्यूहर्स्टच्या बागेत. त्यांच्याकडून पुढच्या सगळ्या बागांना वाट आहे. गल्लीतल्या सगळ्यांनी हेजहॉगसाठी कुंपणात बशीएवढी भोकं ठेवली आहेत म्हणे. मलाही पत्रक आलं होतं. मी ते टाकून दिलं होतं. म्हटलं, माझ्या कुंपणाला भोक? एवढे पैसे देऊन घातलेल्या?

खणलं लिनेटने. मी खुर्ची टाकून सूचना देत होतो.

"डावीकडे घे. हळू. हळू! थांब!"

"डॅड, हे फावडं आहे. याला क्लच नाही."

हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी. चेहऱ्यावर माती, केस सुटलेले, आणि एकदम मला दिसलं की हिचे केस पिकलेत. फेब्रुवारीत आली तेव्हा असे नव्हते. की मी पाहिलेच नव्हते?

फाटकाची फळीही काढली. मेजर खुशाल येऊ दे.

२९ सप्टेंबर

बशी भरलेली.

३० सप्टेंबर

बशी भरलेली. गोगलगाय तेवढी बसली होती.

४ ऑक्टोबर

रोज दुपारपासूनच खिडकीशी बसतो. डोरीन नाही. मेजर येतो, खातो, माझ्याकडे बघून मिशा पुसतो.

लिनेटला म्हटलं, "येईल परत. थोडं जग बघेल आणि येईल. इथे सुख होतं तिला."

ती भांडी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "सुख होतं म्हणून राहिली नव्हती ती, डॅड."

मग पुसलेलीच बशी पुन्हा पुसत राहिली. 

"चहा ठेवू?" ती म्हणाली.

"ठेव," मी म्हटलं. दोघांनी चहा प्यायला. बाहेर वारा किती सुटलाय यावर बोललो. आम्ही प्रॉसर लोक असेच. घर पेटलं तरी आधी हवेवर बोलू.

५ ऑक्टोबर

पबात, दुकानात, हॉस्पिटलात, सगळ्यांना मी हेच सांगत आलो. "लिनेटला इथे बरं वाटतं. आपणहून राहिलीय." ती शेजारी उभी असतानासुद्धा सांगितलंय. ती हसायची. ते हसू त्या माहितीपत्रकावरच्या म्हाताऱ्यांसारखंच होतं!

मी तिला कधी विचारलं नाही. लाज वाटते लिहायला, पण नाही विचारलं. मला भीती वाटायची, ती खरं सांगेल.

९ ऑक्टोबर

विचारलं. सूप पिता पिता, मान वर न करता.

"तो ओबनचा कॅलम. बोटी दुरुस्त करतो तो. त्याचं काय झालं?"

चमचा थांबला. "त्याचं काय?"

"तू बागेच्या टोकाला जाऊन त्याच्याशीच बोलायचीस ना? नासपतीखाली."

"तिथे रेंज येते."

"लिनेट."

मग बोलली. जानेवारीत त्याने लग्नाचं विचारलं होतं. ती हो म्हणणार होती, तेवढ्यात मी कुंपणाखाली गेलो. त्याने उन्हाळ्यात पुन्हा विचारलं. ती म्हणाली, डॅड बरे होईपर्यंत थांब. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तुझे डॅड बरे व्हायचं मनावर घेणार आहेत का?"

हरामखोर! — असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं. कारण मागच्या महिन्यातच व्यायाम शिकवणारी बाई मला म्हणाली होती, मिस्टर प्रॉसर, आता वॉकर सोडून काठी घ्यायला हरकत नाही. ते मी लिनेटला सांगितलेलं नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता नाही विचारत तो." तिने माझा वाडगा उचलला. "आणखी हवंय?"

मला वाटत होतं मी कैदी आणि ही जेलर. उलट आहे सगळं. निदान मला माझी खिडकी तरी होती.

१४ ऑक्टोबर

मिसेस ड्यूहर्स्ट कुंपणावरून ओरडल्या. डोरीन सापडली! पुढच्या चौथ्या बागेत, लाल खूण पुसट झालीय, पण तीच. वजन वाढलंय. पानांचा ढीग जमवून घर करतेय.

"परत आणू का बघायला?" त्यांनी विचारलं.

"खबरदार!" मी म्हटलं. एवढ्या जोरात की मेजर बशी सोडून पळाला.

आत येऊन थोडा रडलो. आनंद झाला होता, वाईटही वाटत होतं.

१५ ऑक्टोबर

सूप मी केलं. लीकचं. भयंकर झालं. लिनेटने दोन वाडगे खाल्ले.

१७ ऑक्टोबर

लिनेट बाजारात गेली होती तेवढ्यात दोन फोन केले.

पहिला द लार्चेसला. सोमवारपासून खोली आहे म्हणाले. मी म्हटलं, घेतली. काठी घेऊन येईन, वॉकर नको.

दुसरा ओबनला. बोटी दुरुस्त करणारे कॅलम तिथे दोन निघाले, त्यामुळे एका बिचाऱ्या परक्या माणसाला उगाच लग्नाचं विचारून झालं. दुसरा खरा लागला. म्हटलं, मी आयव्हर प्रॉसर, कुंपणाखाली सापडलेला. मी सोमवारी घर सोडतोय. आज संध्याकाळी तिला आणखी एकदा विचार.