बगळा हलला नाही

८ सप्टेंबर, सोमवार

सहा वर्षं तक्रारींचे फोन घेतले, म्हणून काय जन्मभर तेच घ्यायचे? आज वरच्या मजल्यावर जाऊन बसलेच. वेबसाइटवरची चित्रं हलवायची — ॲनिमेशनचं मधल्या पातळीचं प्रशिक्षण, दोन आठवडे. शेवटच्या शुक्रवारी प्रत्येकाने आपापलं पान दाखवायचं. पास झाले तर ॲनिमेशनच्या टीममध्ये. नाही तर परत खाली, फोनपाशी.

पहिली पातळी मी घरी बसून शिकले, हे ऐकून शिकवणारे सर म्हणाले, "बघू, झेपतंय का." झेपतंय का! आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बटणं, चित्रं, अक्षरं गरागरा फिरवायला लावली. मी त्यांचं नाव भोवरा ठेवलंय. फक्त इथे, वहीत.

९ सप्टेंबर, मंगळवार

माझं पान पाणपक्ष्यांचं. पान वर सरकवलं की थवा उडतो, बगळ्याला टिचकी मारली की तो मान वळवतो. ती मान दिवसभर जमेना. दार उघडावं तशी वळायची. सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू — आकडे बदलून बदलून डोकं उठलं. चार वाजता वळली! अगदी जिवंत!

भोवऱ्याला बोलावलं. आला, माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, बघितलं न बघितलं केलं आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "ठीक. थवा अजून जोरात उडवा." एवढा माज! कधी खाली बसत नाही, कुणाचं काम धड बघत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

ताईला पान दाखवलं. चुकलंच. कानाचं दुखणं झाल्यापासून, तीन वर्षं झाली, तिला चक्कर येते हे मला माहीत नाही का? पण हौस! थवा उडाला आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली. डोळे मिटून म्हणाली, "छान आहे गं. आता बंद कर, नाहीतर तुझ्या बगळ्यावर ओकेन." मला हसूही आलं आणि रडूही.

मला पेन्सिल धरायला शिकवली ती हिने. आणि माझं चित्र हिलाच बघता येऊ नये? नाही चालायचं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं! फोनच्या, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये "हालचाल कमी करा" असा एक खटका असतो. तो आपोआप लागत नाही. ज्याला त्रास होतो त्यानेच आत शिरून शोधायचा आणि लावायचा. पण पान बनवणाऱ्याने विचारलं तरच त्याचा उपयोग — बाबा रे, खटका लावलायस का? लावला असेल, तर सगळं स्थिर. माझ्या पानाला तेवढं विचारायला शिकवलं. चार ओळींचं काम!

ताईच्या फोनवर खटका लावला. थवा जागच्या जागी, पंख पसरून. ताईने पान शेवटपर्यंत वाचलं. वर म्हणाली, "तिसऱ्या पक्ष्याचा पाय चुकलाय." चुकलाच होता.

१५ सप्टेंबर, सोमवार

भोवऱ्याला सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, आपण इथे हलवायला शिकतोय, थांबवायला नाही. काढून टाका ते." वर्ग हसला. मी विचारलं, "ज्यांना चक्कर येते त्यांनी काय करायचं?" खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "त्यांनी बघू नये."

बघू नये म्हणे! सहा वर्षं त्यांचेच फोन घेतलेत मी. "तुमचं पान उघडलं की गरगरतं हो." आणि मी काय सांगायचे? "तक्रार नोंदवली आहे." पुढे काही नाही. आता माझ्या हातात आहे, तर मी काढून टाकू? नाही काढत. काय करायचं ते कर!

१७ सप्टेंबर, बुधवार

शेजारी बसणारी चष्मेवाली म्हणते, "काढ ना चार ओळी. पास झालीस की घाल परत." नाही. अडून बसले म्हणजे बसले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं फिसकटलं.

प्रत्येकाच्या मशीनपाशी जाण्यात वेळ जातो, म्हणून सगळ्यांची पानं भोवऱ्याच्या लॅपटॉपवरून मोठ्या पडद्यावर दाखवायची, हे ऐन वेळी कळलं. समोर विभागाच्या मोठ्या बाई. एकेकाची पानं नाचली, उडाली, गिरक्या घेऊन झाली. भोवरा सगळा वेळ भिंतीला टेकून, नजर जमिनीवर. माझी पाळी आली. पान वर सरकवलं. थवा जागचा हलला नाही. बगळ्याला टिचकी मारली. ढिम्म! पुन्हा मारली. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"चालत नाहीये का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सकाळी माझ्या मशीनवर चाललं होतं हो! मी भोवऱ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. पुढे झाला, घाईघाईने माझं पान बंद केलं आणि "पुढचं" म्हणाला.

मोठ्या बाईंनी माझ्यापुढे "अपूर्ण" लिहिलं. सोमवारपासून खाली, फोनपाशी. घरी येऊन रडले, मनसोक्त रडले. पण त्या चार ओळी अजून तिथेच आहेत. त्यांना हात लावणार नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून पान दहादा तपासलं. चूक नाही. बटाटे सोलता सोलता ताई म्हणाली, "माझ्या फोनवर तरी कुठे हलतं ते?"

बसले ती बसलेच. पान बिघडलंच नव्हतं. त्याने विचारलं, आणि त्या लॅपटॉपने खरं उत्तर दिलं. तो खटका आपोआप लागत नाही; ज्याला गरगरतं तोच लावतो. खुर्चीची पाठ, खिडकी, भिंत — आणि मी माज म्हणत होते!

सोमवारी वर जाणार. आधी सरांना बसायला खुर्ची देणार. ते नीट बसले, की "अपूर्ण" खोडा म्हणून भांडणार.