भाऊंना दर बुधवारी घरी सोडणे व गुरुवारी परत घेणेबाबत

दिनांक : ३ मार्च २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
खाडीपार पर्यटक निवास,
मढ बेट, मुंबई

विषय : माझे सासरे श्री. धोंडिराम घाडीगांवकर (घरी व बेटावर ‘भाऊ’) यांना आठवड्यातून एक दिवस घरी सोडणे आणि दुसऱ्या दिवशी विनातक्रार परत घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा जानेवारीतील अर्ज (सासरे परत मिळणेबाबत)
२) त्यावरील आपले लेखी उत्तर
३) माझा दुसरा अर्ज (सासरे निदान माघी गणपतीपुरते मिळणेबाबत)

महोदय,

हा माझा आपल्याकडे तिसरा अर्ज आहे. पहिल्या दोन अर्जांतील मागण्या मी याद्वारे मागे घेत आहे. तेव्हा आपण चहा मागवून निवांतपणे वाचावे, ही पहिली विनंती. प्रकरण आपल्याला अर्धेच ठाऊक असल्याने सुरुवातीपासून सांगणे भाग आहे.

१. मी मुलुंड पूर्व येथे अकराव्या मजल्यावर पती सुयोग, मुलगी स्वरदा व सासरे यांच्यासह राहते. भाऊ मूळचे मालवणकडचे. उभी हयात त्यांनी मुंबईच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर बस गेली, पण कंडक्टर राहिला. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते रोज सकाळी उभे राहत आणि ‘आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या’, ‘दारात थांबू नका, मागे जागा आहे’ असे सांगत. हातात आमच्या घरचा अडकित्ता असे. तो खटखट वाजवल्याखेरीज ते लिफ्ट सुटू देत नसत. काही रहिवाशांना हे आवडे, काहींना आवडत नसे. अखेर ‘ज्येष्ठ नागरिकांनी लिफ्टचे नियंत्रण करू नये’ असे सोसायटीचे पत्र आले. भाऊंनी ते वाचले, घडी घालून परत दिले आणि त्या दिवसापासून ते आतल्या खोलीत बसून राहू लागले. टीव्ही लावला तर बघत, बंद केला तरी तिकडेच बघत.

२. त्यांना जरा वारा लागावा म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही आपल्या निवासात खोली घेतली. वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडताना भाऊ पाण्याकडे पाठ करून बसले होते. मात्र जेवताना स्वरदाने “आजोबा, हे खरंच बेट आहे का? मालाडहून तर रस्ता येतो ना,” असे विचारले, तेव्हा त्यांनी निकाल दिला, “होडीन इलास तर बेट, बशीन इलास तर गाव.” कित्येक महिन्यांनी त्यांनी विनोद केला होता. सुयोगने माझ्याकडे पाहिले, मी सुयोगकडे पाहिले आणि खर्च वसूल झाला असे आम्ही समजलो. येथेच आमचा अंदाज चुकला.

३. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर आपल्या कार्यालयाचे ‘बेटावरील पाच प्रमुख आकर्षणे’ हे पत्रक होते. त्यात आकर्षणांचा क्रम असा : अक्सा चौपाटीवरील सूर्यास्त, मढचा किल्ला, एरंगळचा किनारा व तेथील जुने चर्च, किल्लेश्वराचे देऊळ आणि कोळीवाड्यातील मासळीचे वाळवण. भाऊंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. “सकाळच्या न्याहारीक सूर्यास्त?” ते म्हणाले. “ह्यो रूट कोणी केल्यान? तेका मधल्याच स्टॉपार उतरवूक व्हयो.” हे उद्गार आपल्याविषयी होते याची तेव्हा आम्हांला कल्पना नव्हती. त्याबद्दल दिलगीर आहे.

४. आम्ही टोप्या व पाण्याच्या बाटल्या घेऊन फाटकाशी आलो, तर भाऊ नाहीत. सोलापूरचे एक मोठे कुटुंब तेच पत्रक हातात घेऊन कुठे जावे या विचारात उभे होते, त्यांना घेऊन ते निघूनही गेले होते. पुढचा सबंध दिवस आम्ही पाचही आकर्षणे पाहिली, पण त्यांच्या मागून. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत होते, तिथल्या बाईंनी सांगितले, “अडकित्तेवाले काका ना? आत्ताच गेले.” देवळाच्या पायरीवर पुजाऱ्याने तेच सांगितले. चर्चच्या अंगणात तर आम्ही विचारण्याआधीच एका आजींनी हात एरंगळच्या किनाऱ्याकडे केला. संध्याकाळी अक्साला पोहोचलो तेव्हा सोलापूरकर वाळूत ओळीने बसले होते आणि भाऊ त्यांच्यासमोर उभे राहून सांगत होते, “पाण्यात कोणी उतरायचं नाही. हा समुद्र ओढतो. सूर्य उतरेल, आपण बघायचं.”

५. निघायच्या दिवशी भाऊ रिक्षात बसेनात. उद्या नाशिकची मंडळी येणार आहेत, त्यांना शब्द दिला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेमाताई म्हणाल्या, “राहू द्या की काकांना, मागची खोली रिकामीच आहे.” आपणही मान हलवलीत. आम्ही दोन दिवसांचे कपडे ठेवून परतलो.

६. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले तेव्हा मी पहिला अर्ज केला. आपले उत्तर मला पाठ आहे : ‘सदर गृहस्थ या निवासाचे कर्मचारी नसून पर्यटकही नाहीत. सबब त्यांना परत पाठविण्याची कोणतीही तरतूद आढळून येत नाही.’ माघी गणपतीसाठी दुसरा अर्ज केला, तर त्या दिवशी डोंबिवलीचे महिला मंडळ येणार असल्याने भाऊ ‘उपलब्ध नाहीत’, असा निरोप आला. महोदय, आमच्या घरचा गणपती यंदा प्रथमच भाऊंच्या आरतीशिवाय बसला. आरती सुयोगने म्हटली. तो मधेच अडखळला आणि पुढचे कडवे स्वरदाने उचलले.

७. याच सुमारास आमच्या शेजारच्या शुभाताईंनी लिफ्टमध्ये सुयोगला सहज विचारले, “भाऊंना कुठल्या वृद्धाश्रमात ठेवलंत? चांगला आहे का?” त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण सुयोग पुढच्या मजल्यावर उतरला आणि तेव्हापासून अकरा मजले चढून येतो. घरात भाऊंचा विषय काढला की म्हणतो, “त्यांना आपलं घर नको असेल तर नको. मी कशाला पाया पडू?” असे म्हणतो आणि जेवणाचे ताट तसेच ठेवून उठतो. माझी अडचण ही होती. सासरे बेटावर, नवरा जिन्यात आणि घरात मी एकटी खुलासे देत बसलेली.

८. म्हणून गेल्या मंगळवारी मी विमा कार्यालयातून रजा घेऊन, कोणालाही न सांगता, एकटी बेटावर आले. धक्क्यावरील आपला फलक पाहून मी जागीच थांबले. त्यावर आता ‘सहा प्रमुख आकर्षणे’ असे लिहिलेले असून सूर्यास्त भाऊंच्या क्रमाप्रमाणे शेवटी गेला आहे, आणि चर्च व सूर्यास्त यांच्यामध्ये नव्या रंगात ‘५. भाऊ’ अशी नोंद आहे. माझ्या सासऱ्यांना मी आजवर अनेक रूपांत पाहिले आहे, पण स्थळ म्हणून प्रथमच पाहिले.

त्या दिवशी पंधरा-वीस माणसे जमली होती. मी डोक्यावर ओढणी घेऊन मागे उभी राहिले. भाऊंनी माझ्याकडे सरळ पाहिले आणि म्हणाले, “चला ताई, पुढे सरका, मागच्यांना दिसत नाही.” मी पुढे सरकले. कोळीवाड्यात त्यांनी सर्वांना बजावले, की वाळवणाला हात लावायचा नाही आणि फोटो विचारूनच काढायचा, हे लोकांचं घर आहे. किल्ल्यापाशी म्हणाले, “किल्ला बाहेरूनच. आत जायची परवानगी नाही. पण बाहेरून तो जास्त मोठा दिसतो, आणि आत जाणाऱ्याला समुद्र विसरायला होतो.” एक लहान मुलगी दमली, तर तिला किल्लेश्वराच्या पारावर बसवून त्यांनी आख्खा गट तिच्यासाठी थांबवला. रिक्षांमध्ये माणसे अशी बसवली की कोणाचे आजोबा कोणापासून तुटले नाहीत. मला त्यांनी एका अनोळखी जोडप्याच्या मधे बसवले.

खरे सांगायचे तर मला मजा आली. एरंगळच्या वाळूत चप्पल हातात घेऊन मी कधी चालू लागले, ते मला कळलेही नाही. इतकी वर्षे मुंबईत काढून मी हे काहीच पाहिले नव्हते.

९. सूर्यास्तानंतर “शेवटचा स्टॉप, सावकाश उतरा” असे म्हणून त्यांनी सर्वांना निरोप दिला आणि माझ्याशेजारी येऊन वाळूत बसले. मी म्हटले, “भाऊ, ओळखलं नाहीत का?”

“वळखलंय गो. पण डुटीवर घरचा माणूस वळखूचा नसता. माझ्या बशीत तुझ्या सासूनसुद्धा तिकीट काढल्यान.” मग हळूच, “सुयोग रागावलो काय गो?”

मी हो म्हटले. शुभाताईंचे सांगितले, जिन्याचेही सांगितले. त्यांनी अडकित्ता उघडून पुन्हा मिटला. मग म्हणाले, “बाय, घरात तुमी माका काय्येक कमी केल्यात नाय. पण थंय माका कोण इचारता, फुडचो स्टॉप खंयचो? सगळी आपापली उतरतत. हंय सगळी माणसां इचारतत.”

“मग इथेच राहा. आम्ही काय, राहू नका म्हणतो? पण एक दिवस घरी यायला काय झालं?”

यावर त्यांनी जे उत्तर दिले ते या अर्जाचे मूळ कारण आहे. “एकदा घराक इलंय तर तुमी माका परत सोडूचास नाय. वाईट म्हणान नाय गो. मायेन धरून ठेवशात. आज थंडी आसा, उद्या पाय दुखतत, परवा पाव्हणे येतत. आणि हंय हो सायेब दुसऱ्याक उभो करतलो.”

महोदय, भाऊंना आमचे घर नको आहे असे आम्ही समजत होतो, आणि ते आम्हांला घाबरून खाडीच्या पलीकडे बसले होते. मी हसले, आणि मग हसता हसता ओढणीचे टोक डोळ्यांना लावावे लागले. भाऊ गडबडले. म्हणाले, “रडा नको, लोक बघतत.” मी म्हटले, “भाऊ, साहेबांकडून तुमची जागा लिहून घेतली तर याल?” त्यांनी सूर्य गेला होता तिकडे पाहिले. “शिक्का मारून?” त्यांनी विचारले.

१०. सबब पुढीलप्रमाणे विनंती आहे.

(अ) भाऊ हे कर्मचारी नाहीत व पर्यटकही नाहीत, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. आपल्या फलकानुसार ते एक प्रमुख आकर्षण आहेत. परंतु कोणत्याही संग्रहालयास, उद्यानास वा प्राणिसंग्रहालयास आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. मग याच आकर्षणास का नसावी? तरी ‘बुधवारी बंद’ असे शब्द फलकावर वाढवावेत. रंग व ब्रश मी आणून देईन.

(आ) बुधवार निवडण्याचे कारण असे, की आमच्याकडे त्या दिवशी मासे होतात. बेटावर मासळीला तोटा नाही आणि प्रेमाताईंच्या हाताला चव आहे, हे भाऊ स्वतः सांगतात. परंतु त्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालत नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. प्रेमाताईंना हे कळू देऊ नये.

(इ) भाऊ घरी असताना त्यांच्या जागी कोणासही उभे करू नये, व गुरुवारी सकाळी पहिल्या गटापासून त्यांना पूर्ववत रुजू करून घ्यावे, असे आपल्या सहीशिक्क्याचे पत्र द्यावे. इतर काहीही नको.

११. आमच्या बाजूची हमी सोबत जोडली आहे. ती सुयोगने लिहिली आहे. बेटावरून परतल्या रात्री मी त्याला सर्व सांगितले. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “त्यांना वाटतं आपण धरून ठेवू?” मी म्हटले, “ठेवलंच असतं ना आपण?” तो म्हणाला, “ठेवलं असतं यार.” आणि थोड्या वेळाने, “बुधवारी बांगडे मी आणतो. तुला ताजे कळत नाहीत.”

हमीत त्याने लिहून दिले आहे की कोणतीही थंडी, पाहुणे अथवा पायदुखी यांचे कारण न सांगता तो स्वतः भाऊंना गुरुवारी वर्सोव्याच्या धक्क्यावर आणून सोडेल, आणि होडी सुटेपर्यंत ‘आज राहा’ असे म्हणणार नाही. होडी सुटल्यानंतर काय म्हणेल याची हमी देता येत नाही, असे त्याने खाली कंसात नमूद केले आहे. ते खोडू नये.

काल शुभाताई पुन्हा भेटल्या. मी त्यांना आपले पत्रक दिले आणि रविवारची खोली घ्यायला सांगितले. त्या आमच्या सोसायटीच्या मंडळासह येत आहेत. त्यांना पुढच्या रांगेत बसवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली, परंतु या खेपेस न भांडता,

आपली नम्र,
(सही)
सौ. सुलक्षणा सुयोग घाडीगांवकर
मुलुंड पूर्व

सोबत :
१) श्री. सुयोग घाडीगांवकर यांची हमी.
२) भाऊंच्या साखरेच्या गोळ्या. सकाळी खाण्याआधी. ‘घेतली’ म्हणाले तरी पाकीट पाहावे.
३) स्वेटर. किनाऱ्यावर घालणार नाहीत, खोलीत घालतील.
४) स्वरदाने आजोबांसाठी आणलेली नवी शिट्टी. आवाज मोठा आहे, कार्यालयात वाजवून पाहू नये.

———

(अर्जावरील शेरा, दि. ३ मार्च, सोमवार)

मंजूर. पत्र शिक्क्यासह देण्यात यावे. फलकावर ‘बुधवारी बंद’ लिहिण्यात यावे.
भाऊंना आजच कळवले असता त्यांनी विचारले, “परवाची पहिली होडी किती वाजता?”

धम्मपाल साळवे
व्यवस्थापक