शेवटचं अर्धं मिनिट

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयाने मी तुमच्यापेक्षा मोठी आहे. तरी वर्गात ‘मिस’ आणि फाटकाबाहेर ‘बाई’ ही सवय काही गेली नाही. नागपूरच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच, आणि विषय चित्रकला. म्हणजे सिस्टरांच्या लेखी स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवण्यापुरत्या. गेले काही दिवस तुमच्याशी बोलावंसं फार वाटतंय. एका गाण्याच्या व्हिडिओवरून मी इथल्या चंडीगडच्या महाराष्ट्र मंडळाशी भांडले आहे, आणि भांडताना माझ्या तोंडातली सगळी वाक्यं तुमची होती.

व्हिडिओ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या काळी गाणं ऐकायचं असे, आता ते बघायचं असतं. गाण्याच्या लांबीचा छोटा सिनेमा करतात आणि फोनवर लोकांसमोर टाकतात. माझी नात गिटार वाजवते. सेक्टरमधल्या एका गॅरेजमध्ये ती आणि तिचे तीन मित्र रॉक बडवतात. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय स्वतःच्या हिमतीवर गाणी करणाऱ्या अशा पोरांना हल्ली इंडी म्हणतात. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, हा शब्द मला नातीने शिकवला. या जातीचे व्हिडिओ मी पाहिलेले होते. घरात कुठून तरी वारा येतो, केस उडतात, धूर निघतो, गायक भिंतीवर डोकं टेकून दुःखी होतो, आणि दर दोन सेकंदांनी चित्र बदलतं, कारण एका जागी ठरून बघण्यासारखं त्यात काही नसतं. त्यामुळे नातीने ‘आजी, देखो ना, मैंने डिरेक्ट किया है’ म्हणून फोन पुढे केला, तेव्हा मी चेहरा आधीच तयार ठेवला होता. तो वापरायची वेळ आली नाही.

त्यातली गोष्ट आमच्याच घरची आहे. आम्ही पहिल्यांदा इथे बदलून आलो तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. एका रांगेत सगळी घरं सारखी: तीच जाळीच्या विटांची भिंत, तेच हिरवे दरवाजे, मध्ये मेंदीचं गुडघाभर कुंपण. ह्यांची भोपाळला बदली झाली. निघायच्या दिवशी मी पेट्या भरण्यात गुंतलेली, आणि माझी मुलगी शाळेतून आली ती चुकून शेजारच्या घरात शिरली. शेजारची पंजाबी बहनजी काही न विचारता तिला पाणी देते, पराठा वाढते, ही दोन पराठे खाते आणि मग विचारते, ‘मेरी मम्मी कहाँ है?’ हा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगत आले, आणि तो ‘मम्मी कहाँ है’वर संपवला की लोक हमखास हसायचे. माझी मुलगी तेवढ्यात चहा टाकायला उठायची. ती का उठते हे मला कधी दिसलं नाही. तिच्या मुलीला दिसलं.

आता चित्राकडे या. कॅमेरा सबंध वेळ त्या लहान मुलीच्या उंचीवर आहे. मोठ्या माणसांची डोकी दिसतच नाहीत. दिसतात हात, ओढणीची टोकं, पेटीवर खिळा ठोकणारं मनगट. आईचा म्हणजे माझा चेहरा एकदाही येत नाही. पहिल्यांदा मला राग आला, मग पटलं, कारण त्या दिवशी माझ्या मुलीला माझा चेहरा दिसलाच नसणार, मी पेटीत वाकलेली होते. गाणारे स्वतः कुठे आहेत म्हणाल, तर ते हमाल झालेत. ढोल बडवणारा आणि त्याचा जोडीदार पेट्या उचलून ट्रकमध्ये टाकतात, नात दोरखंड बांधते, आणि गाणं म्हणणारा मुलगा पाठमोरा बसून गाद्या गुंडाळतो. एकाचाही केस उडत नाही. स्वतःच्या गाण्याच्या व्हिडिओत पाठ दाखवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली, आणि यांना घरात कुणीतरी बरं वळण लावलंय असं वाटलं.

चुकीच्या घरात आल्याचं त्या मुलीला कुणी सांगत नाही. ही घरं जोडीजोडीने बांधलेली, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. ती दप्तर टाकते आणि सवयीने डावीकडे वळते, तर तिथे स्वयंपाकघर नाही, भिंत आहे. पाय आधी थांबतात. इथवर नुसती गिटार वाजत असते, आणि पाय थांबतात तिथे ढोल सुरू होतो. मला वाटलं होतं ढोल म्हणजे गोंगाट. इथे तो छातीत होणाऱ्या धडधडीसारखा येतो. मग उजवीकडून एक हात पाण्याचा पेला पुढे करतो, मुलगी क्षणभर थबकते, आणि पेला घेते. सगळं कळूनही घेते, बाई. माझ्या किश्शात ती बावळट होती. या चित्रात ती तहानलेली आहे, आणि आपल्या घरी कुणाला वेळ नाही हे तिला ठाऊक आहे.

तुम्ही शिकवलेल्या डोळ्यांना एक चूकही सापडली. शेजारच्या घरात मुलीचा भांग उजवीकडे आहे, आणि स्वतःच्या घरी आली की डावीकडे. नातीला विचारलं तर ती ओशाळली. त्यांना एकच क्वार्टर मिळालं होतं, तिच्या एका मित्राचे वडील बदलून चालले होते, त्यांचं. भरलेलं घर आणि रिकामं घर दोन्ही तिथेच चित्रित केलं आणि एक भाग संगणकावर उलटा फिरवला. ‘किसी ने नोटिस नहीं किया यार, आपने ही किया,’ ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, हात लावू नकोस. परक्या घरात ती मुलगी किंचित परकी दिसते, आणि ते भांगामुळे हे कुणाला कळत नाही. तुम्ही असतात तर या चुकीचे पूर्ण मार्क दिले असते.

शेवटी मुलगी आपल्या घरी येते. खोल्या रिकाम्या, पेट्या बाहेर. ती ट्रकमध्ये चढते, गाणं संपतं, वाद्यं थांबतात, आणि चित्र मात्र चालू राहतं. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली आहे, हातात स्टीलचा डबा. ट्रकचं इंजिन सुरू होतं. ती डबा पुढे करत नाही, हाकही मारत नाही. ट्रक जातो, आवाज लांब जातो, ती उभीच. अर्धं मिनिट. एवढंच.

हे नातीला गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात दाखवायचं होतं. तिच्या आईने ते पाहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा पाहील तर मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या बरोबर, असा नातीचा हट्ट. घरी एकटीला दाखवलं तर ती मधेच चहा टाकायला उठेल, हे त्या पोरीला पक्कं माहीत होतं. सांस्कृतिक कार्यक्रम माझ्याकडे, म्हणून समितीला दाखवायला मी ते नेलं. दुपारची वेळ, अध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीत पोहे आणि चहा. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि दुनियेला अजून काउंटरपलीकडूनच बघतात.

‘सुरेख आहे हो मॅडम,’ ते म्हणाले. ‘पण शेवट तेवढा कापा. गाणं संपलं, अन् चित्र चालूच. लोकांना वाटेल आपलं मशीन अडकलं.’

‘लोकांना काय वाटेल याची चिंता तुम्ही दरवर्षी भाषणात करत नाही, ती आजच कशी सुचली?’

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या कर्नलची बायको समितीवर आहे, मी तिला वहिनी म्हणते. तिने पोह्यांच्या बशीत तोंड लपवलं.

‘तसं नव्हे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘तिथे आपण जाहिरातदारांचे आभार टाकू. जागा रिकामीच आहे.’

बाई, मी त्या क्षणी तुमच्या स्वयंपाकघरात होते. शनिवारी दुपारी मी तुमच्याकडे चित्र शिकायला येते. तुम्ही खिडकीत पितळी तपेलं आणि दोन वांगी मांडून ठेवता आणि एका हाताने वरण ढवळत बघत राहता. जुन्या पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून तुम्ही मला खिडकी करून दिली आहे, तिच्यातून बघायचं आणि जेवढं दिसेल तेवढंच काढायचं. मी तपेलं काढते, वांगी काढते, आणि डावीकडचा कोपरा मोकळा राहिला म्हणून तिथे हौसेने एक पोपट बसवते. तुम्ही गॅस बारीक करता. ‘तिथे काय होतं?’ ‘काहीच नव्हतं.’ ‘मग तेच काढायचं होतं.’ आणि कागद माझ्या हातात परत. तुमची ती पुठ्ठ्याची खिडकी पुढे कुठल्याशा बदलीत हरवली. वाक्य राहिलं.

तेव्हा मी अध्यक्षांना म्हटलं, ‘हा तुमचा पोपट इथे बसणार नाही.’ त्यांना काही कळलं नाही, पण सूर कळला. मग मी आवाज बंद करून फक्त तो शेवट लावला आणि तुमच्यासारखी परीक्षा घेतली. जे दिसतं ते सांगायचं. वाटतं ते कुणी विचारलेलं नाही.

‘एक बाई उभी आहे,’ अध्यक्ष म्हणाले.

‘कुठे?’

‘कुंपणाशी.’

‘कुठल्या बाजूला?’

त्यांनी चष्मा सारखा केला. ‘तिच्याच. ओलांडून आलेली नाही.’

‘डबा ओढणीने धरलाय,’ वहिनी हळूच म्हणाली. ‘गरम आहे, काकू. आत्ता करून आणलाय. म्हणजे ट्रक लागलेला पाहिल्यावर तिने शेगडी पेटवली असणार.’ मग तिने बशी खाली ठेवली. ‘आम्ही पठाणकोट सोडलं ना, तेव्हा...’

‘मग द्यायचा ना डबा,’ अध्यक्ष म्हणाले. ‘गोष्ट पुरी तरी होईल.’

‘तुम्ही ट्रक थांबवणार आहात का?’

ते हरले, पण हरलेल्या माणसाला शोभेल असा सूड त्यांनी घेतला. व्हिडिओ पूर्ण दाखवायचा, मात्र सगळ्यात शेवटी, जेवणाच्या अगदी तोंडावर. ‘म्हणजे कुणी उठलं तरी कार्यक्रमाचा खोळंबा नको.’ मी तणतणत घरी आले. नात गिटारच्या तारा बदलत होती. तिला एकच जाणून घ्यायचं होतं.

‘पूरा दिखाएँगे ना? काटना है तो मत दिखाओ, आजी.’

‘पूर्ण दाखवणार. पण जेवणाआधी.’

‘तो ठीक है. भूखे लोग भी देखते हैं.’

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये खुर्च्या भरलेल्या होत्या. आधी अथर्वशीर्ष, मग लहान मुलींचा नाच, मग अध्यक्षांचं भाषण, ज्यात कुणाचंही मशीन अडकलं नाही. पुऱ्या तळल्याचा वास हॉलभर पसरला, आणि तेव्हा दिवे मालवून आमचा व्हिडिओ सुरू झाला. माझी मुलगी तिसऱ्या रांगेत, नात आणि तिचे मित्र मागे भिंतीशी उभे. मग गाणं संपलं, आणि मला जी भीती होती तेच झालं. मागच्या रांगेतल्या खुर्च्या सरकल्या. कुणी ‘चला, संपलं’ म्हणालं. एक गृहस्थ तर ताट घ्यायला निघालेच.

मी उठले आणि मागे वळले. बाई, शाळेत ज्या नजरेने मी मुलांचे वर्ग गप्प केले ती नजर निवृत्त होत नाही. ताटवाले गृहस्थ होते तिथेच खाली बसले, शेजारच्या बाईंच्या खुर्चीच्या अर्ध्या भागावर. त्यांच्या मागचे बसले. वाढपी हातात झारा धरून दारातच थांबले. हॉल रांगेरांगेने शांत झाला आणि एकट्या ट्रकचा आवाज राहिला. अजून कोण हलतंय का म्हणून मी रांगा तपासत गेले आणि तिसऱ्या रांगेवर माझी नजर अडकली. माझी मुलगी उठलेली नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोर बघत होती. शाळेतून आल्यावर दप्तर काढायच्या आधी ती अशीच समोर बघत उभी राहायची, कुणी तरी मान वर करून बघेल म्हणून. ती पडद्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. ट्रक लांब गेला, दिवे लागले, आणि ती माझ्यापाशी येऊन ‘आई, बहनजींनी तेव्हा कढी केली होती,’ एवढंच बोलली आणि पानं मांडायला गेली.

अध्यक्ष जेवताना दोनदा माझ्याकडे आले. ‘डबा द्यायला हवा होता हो, मॅडम,’ ते म्हणत होते. मला त्यांचा पहिल्यांदाच थोडा लोभ वाटला. त्यांना अजून तो डबा दिसत होता.

नंतर नात धावत आली. ‘आजी, बड़े स्क्रीन पे दिखा क्या? लास्ट में आंटी का अंगूठा?’ शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंनी डब्याच्या झाकणावरून अंगठा एकदाच फिरवला आहे म्हणे. फोनवर ते कळतच नाही, मोठ्या पडद्यावर दिसेल की नाही याची तिला पहिल्यापासून धाकधूक होती. सबंध हॉलमध्ये तिने हे एकट्या मलाच विचारलं, कारण दुसऱ्या कुणाला दिसलं नाही तरी आजीला दिसलं असणार. मी म्हटलं, ‘दिसला. स्पष्ट दिसला.’ ती मित्रांना सांगायला पळाली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी त्या वेळी पडद्याला पाठ करून उभी होते. तो अंगठा मी पाहिलेला नाही.