तांब्याच्या आतली काजळी

प्रिय आई,

तू गेलीस, उद्या तुझं पुण्यानुमोदन. बुद्धवंदनेच्या गाथा झाल्या की मी बोलणार, हे वाडीने गृहीतच धरलंय. पण उद्या भाषण नाही, हे पत्र वाचणार आहे. समोर मुंबईहून आलेले लेक असतील, मास्तर असतील, कारकून असतील. आम्हा सगळ्यांची तक्रार एकच: आमच्या आया आपलं दुखणं अख्ख्या वाडीला सांगतात, फक्त आम्हाला नाही!

काल तुझा तांब्या घासायला घेतला. बाहेरून लख्ख, आतून काळाकुट्ट. दारात शेजारच्या शेवंताकाकी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि मला कळलं: त्या तुझी बेंबी बसवायच्या. तेल लावून पोट चोळायचं, बेंबीवर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या पालथा घालायचा. सरकलेली बेंबी म्हणे जागेवर येते! ज्या अंधश्रद्धेविरुद्ध मी पालीपासून मालगुंडपर्यंत सभांतून गरजत फिरलो, ती माझ्याच घरात?

किती वर्षं, आई?

"तुजां भाषण असलां की मला हाक मारायची," काकी म्हणाल्या. आणि मी मूर्ख! सभेहून परतल्यावर तू पोटभर जेवताना दिसायचीस, तेव्हा वाटायचं, लेकाचं कौतुक ऐकून आई सुखावली!

तुझं पित्त, ते पोट फुगणं, गोळ्यांनी कधी हटलं नाही. काकींच्या हाताने दोन दिवस तरी भाकरी गोड लागायची. हे मला सांगता आलं नाही? एकदा म्हणालीस खरी, "तुझ्या बोलण्याला टाळ्या पडतात रे, माझ्या पोटाला त्याचं काय?" मी हसलो आणि पुस्तकात डोकं घातलं.

तेही सोसलं असतं. पण काकी पुढे बोलल्या, "मी तिला तीनदा सांगितलां रे बाबू. गो बाय, तुज्या पोटात माज्या हाताला गाठ लागते, ह्यां माजां काम नाय, लेकाला सांग नि डॉक्टराकडं जा. तर म्हणते कशी, त्याला सांगितलां तर सगळांच कळेल. मग तो भर सभेत तुलाच सोलील."

त्या गाठीनेच तू गेलीस, आणि तू मला घाबरलीस? माझ्या पोटात तुझं दुखणं मावलं नसतं?

बेंबी सरकत नाही, हे मी आजही म्हणतो. पण ज्यांना मी फसव्या म्हणत आलो, त्यांच्यातल्याच काकींनी तुला खरं सांगितलं. फसवलंस ते तू, मला. आणि तुझं तोंड बंद केलं ते मी.

वचन देतो. काकींचा हात जिच्या पोटावर अडखळेल, तिला मी माझ्या गाडीतून रत्नागिरीच्या दवाखान्यात नेईन. वाटेत एक शब्दही सुनावणार नाही.

आणि समोर बसलेल्या लेकांनो, आज घरी जाऊन आईला एवढंच विचारा: "पोट कोणाला दाखवतेस?" मग ती बोलेपर्यंत गप्प बसा.

तुझा,
बाबू