बाटलीतला बोय मासा

वर्धा, रविवार, सप्टेंबर १९८३

आज ताईला सांगितलं. सांगायला नको होतं का?

भाऊजींच्या नोकरीमुळे ती पूर्वी मुंबईकडे खाडीकाठी राहायची. तिची मुलगी मीनू तेव्हा पोटात होती. मी भेटायला गेले आणि तिथला एक बोय मासा आणून मी शिकवते त्या कॉलेजच्या प्राणी-संग्रहात ठेवला. फॉर्मालिनमध्ये त्याचे डोळे पांढरे झालेत. खाडीत पूर्वी पारा किती होता, हे शोधणाऱ्या एका संशोधकाने त्याचं थोडं मांस तपासायला नेलं होतं. परवा येऊन म्हणाला, पारा भरपूर निघाला. कारखान्याचं पाणी असावं.

मीनूचे हात जन्मापासून थरथरतात. ग्रहणात भाजी चिरली म्हणून, असं ताईची सासू म्हणायची. ताईनेही तेच मनात धरून ठेवलेलं.

म्हणून इथे जवळच पिपरीला तिच्या आताच्या घरी गेले. सगळं सांगितलं, माशातला पारा पोटातल्या बाळापर्यंत पोचतो हेही. पाऱ्यामुळेच झालं असं खात्रीने म्हणता येत नाही, हेही सांगितलं.

"म्हंजे ग्रहणाचं नोहोतं काय वं?"

"नाई ताई. ग्रहणानं असं होत नाई."

वाटलं, तिला हलकं वाटेल.  पण ती म्हणाली, "मासोळी तं मीच निवडून आनत होती. ताजी पाहून."

 ते पांढरे डोळे सारखे समोर येताहेत.

निघताना ताई हळूच म्हणाली, "मीनूले सांगू नोको. विचारन मले, काऊन खाल्ली म्हनून."

मीनू फाटकापर्यंत सोडायला आली. मावशी, परत कधी येशील, म्हणाली. मला तिच्याकडे बघताच येईना.